चौकट-गती, संगणक-खेळांतील

संगणकावर खेळ चालू असताना पडद्यावर दर सेकंदाला जितकी नवी पूर्ण चित्रे उमटतात, त्या संख्येस चौकट-गती असे म्हणतात. व्यवहारात ती ‘फ्रेम रेट’ या नावाने परिचित असून ‘एफपीएस’ या आद्याक्षरांनी दर्शविली जाते. चित्रपटातील चित्रे आधीच घेतलेली असतात व बोलपटांच्या काळापासून ती सामान्यतः सेकंदाला २४ या ठराविक वेगाने दाखविली जातात. खेळातील चित्र मात्र खेळाडूने कळ दाबल्यानंतर तेथल्या तेथे तयार करावे लागते. म्हणून त्याची गती ही यंत्राच्या कार्यशक्तीवर अवलंबून राहते व क्षणोक्षणी बदलते. हे कार्य प्रामुख्याने दोन घटकांत विभागलेले असते : मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरील चित्र-प्रोसेसर. या दोहोंचा मेळ कसा बसतो यावर चौकट-गती ठरते. या मेळाचा इतिहास हा वस्तुतः संगणकातील श्रमविभागणीचा इतिहास आहे. पुणे परिसरात, विशेषतः पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात व त्याच्या आसपास, याच श्रमविभागणीचे प्रश्न खेळांखेरीज वाहन-अभिकल्प, महासंगणन व रेडिओ ज्योतिषशास्त्र यांतही हाताळले गेले आहेत.

कार्यपद्धती : प्रत्येक चौकटीसाठी मुख्य प्रोसेसर प्रथम खेळाडूची आज्ञा वाचतो, पात्रांच्या व वस्तूंच्या हालचाली, टकरी आणि संगणकनियंत्रित प्रतिस्पर्ध्यांचे निर्णय यांची गणिते करतो आणि कोणती वस्तू कोठे रेखाटावयाची याच्या आज्ञांची यादी तयार करतो. ही यादी ‘ड्रायव्हर’ या दुव्याच्या आज्ञावलीमार्फत ग्राफिक्स कार्डाकडे जाते. तेथील प्रोसेसर त्रिकोणांनी बनलेल्या आकृत्या योग्य जागी बसवितो, त्यांवर पोत, छाया व प्रकाश चढवितो आणि प्रत्येक चित्रबिंदूचा रंग निश्चित करतो. पहिल्या घटकाची कामे थोडी परंतु गुंतागुंतीची व एकमेकांवर अवलंबून असणारी असतात. दुसऱ्याची कामे साधी परंतु लक्षावधी असून ती एकाच वेळी समांतर करता येतात. याच कारणाने मुख्य प्रोसेसरात मोजके पण शक्तिमान गाभे असतात, तर चित्र-प्रोसेसरात हजारो लहान गणक-घटक असतात.

हे दोन्ही घटक एकामागून एक थांबत काम करीत नाहीत. कार्ड एक चौकट रंगवीत असते तेव्हा प्रोसेसर पुढील चौकटीची तयारी करीत असतो. चाकण येथील वाहन कारखान्यांतील असेंब्ली लाइनवर जसे घडते तसेच येथेही घडते. एका स्थानकावर वाहनाला इंजिन बसविण्यास जितका वेळ लागतो व दुसऱ्या स्थानकावर चाके बसविण्यास जितका लागतो, त्यांची बेरीज ही दोन वाहनांमधील वेळ नसते. सर्वांत मंद स्थानकाचा वेळ हाच लाइनचा वेळ ठरतो. इतर स्थानके कितीही चपळ केली तरी दिवसाअखेर बाहेर पडणाऱ्या वाहनांची संख्या वाढत नाही. संगणकाच्या बाबतीत अशा मंद स्थानकास ‘बॉटलनेक’ म्हणण्याचा प्रघात आहे. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील तर प्रत्येक चौकटीस १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चौकटींसाठी ६.९ आणि २४० चौकटींसाठी केवळ ४.२ मिलिसेकंद उरतात. प्रोसेसर व कार्ड या दोघांनाही आपापले काम या अवधीत पुरे करावे लागते.

प्रारंभीचा काळ : आरंभी ही विभागणी अस्तित्वातच नव्हती. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळात एकच यंत्र सर्व कामे करी. १९७२ मधील ‘पाँग’ या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात तर प्रोसेसरच नव्हता. सुट्या तर्कमंडलांनीच चित्र तयार होई. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता. त्यात प्रत्येक चौकटीला शत्रूच्या ताफ्यातील एकच आकृती पुढे सरकविली जाई. ५५ आकृत्या शिल्लक असताना ताफा संथपणे चाले व जसजशा त्या नष्ट होत तसतसा तो आपोआप वेगवान होई. यंत्राच्या मर्यादेतून उद्भवलेला हा परिणाम खेळाचे वैशिष्ट्य म्हणून लोकप्रिय झाला. गणनशक्ती व खेळाचा अनुभव यांचा संबंध किती निकटचा असतो, याचे हे जुने उदाहरण होय.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेगाचा इंटेल ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यातील चित्र-कार्डाचे काम स्मृतीत लिहिलेले बिंदू पडद्यावर पाठविणे एवढेच होते. १९८७ मधील व्हीजीए या मानकामुळे रंग वाढले, तरी रेखाटनाचा भार मुख्य प्रोसेसरवरच राहिला. डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअर या संस्थेने प्रसृत केलेल्या ‘डूम’ या खेळाने ही मर्यादा सर्वांच्या नजरेस आणली. त्याची कमाल गती सेकंदाला ३५ चौकटी इतकी निश्चित केलेली होती. परंतु ३८६ जातीच्या प्रोसेसरवर ती गाठता येत नसे व पुष्कळांना पडद्याचा वापरलेला भाग लहान करून खेळावे लागे. ४८६ जातीच्या प्रोसेसरवर तोच खेळ सुरळीत चाले. जून १९९६ मधील ‘क्वेक’ या पूर्णपणे त्रिमितीय खेळात अपूर्णांकी गणितांचा मोठा वापर होता. पेंटियम प्रोसेसरचे अपूर्णांकी गणक-एकक बलवान असल्याने त्यावर हा खेळ उत्तम चाले. उलट इतर कार्यालयीन कामांत पेंटियमची बरोबरी करणारा सायरिक्स ६x८६ हा प्रोसेसर येथे स्पष्टपणे मागे पडे. कोणत्या कामासाठी कोणता प्रोसेसर, हा प्रश्न ग्राहकापुढे प्रथम येथे ठळकपणे उभा राहिला.

प्रवेगक कार्डांचा उदय : १९९६ मध्ये ३डीएफएक्स या कंपनीने ‘व्हूडू’ हे केवळ त्रिमितीय रेखाटनासाठीचे कार्ड बाजारात आणले. त्याबरोबर नेहमीचे द्विमितीय कार्डही बसवावे लागे व दोन्ही एका तारेने जोडावी लागत. चित्रबिंदू रंगविण्याचे व पोत चढविण्याचे काम या कार्डाने आपल्याकडे घेतले, परंतु आकृत्यांची भूमितीय गणिते मुख्य प्रोसेसरकडेच राहिली. परिणामी एकच व्हूडू कार्ड मंद पेंटियमच्या जोडीने कमी व वेगवान प्रोसेसरच्या जोडीने अधिक चौकटी देई. आधुनिक अर्थाने ‘जोडी’चा प्रश्न येथून सुरू झाला.

१९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणले व त्यासाठी ‘जीपीयू’ ही संज्ञा रूढ केली. वस्तूंचे स्थानांतरण व प्रकाशयोजना यांची गणितेही आता कार्डावरच होऊ लागली आणि मुख्य प्रोसेसरचा आणखी एक भार उतरला. २००१ मधील ‘जीफोर्स ३’ पासून कार्डावर चालणाऱ्या लहान आज्ञावल्या खेळ रचणाऱ्यांना स्वतः लिहिता येऊ लागल्या. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे ठरविले आणि २००६ मध्ये एएमडी या प्रोसेसर-निर्मात्या कंपनीने एटीआय ही प्रतिस्पर्धी कार्ड-निर्माती कंपनी विकत घेतली. अशा रीतीने दोन्ही घटक एकाच छताखाली अभिकल्पित होण्यास प्रारंभ झाला. दोन्ही घटकांमधील मार्गही रुंदावत गेला : पीसीआय, त्यानंतर एजीपी आणि २००४ च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस ही जोडणी-मानके क्रमाने प्रचारात आली.

बहुगाभा प्रोसेसर व आज्ञांचा भार : २००५ च्या सुमारास प्रोसेसरची स्पंदगती उष्णतेमुळे पूर्वीच्या झपाट्याने वाढेनाशी झाली आणि निर्मात्यांनी एका चकतीवर दोन, चार व पुढे आठ गाभे बसविण्याचा मार्ग स्वीकारला. कार्डांची शक्ती मात्र समांतर रचनेमुळे वाढतच राहिली. खेळातील कामे अनेक गाभ्यांत वाटणे सोपे नव्हते. कामाचा जो अंश वाटून देता येत नाही तोच अखेरीस एकूण वेगवृद्धीला मर्यादा घालतो, हे जीन अम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. विशेषतः रेखाटनाच्या आज्ञा ड्रायव्हरपर्यंत पोहोचविण्याचे काम दीर्घकाळ मुख्यत्वे एकाच गाभ्यावर पडे. त्यामुळे शहरातील गर्दीसारख्या असंख्य वस्तूंच्या दृश्यात उत्तम कार्डही रिकामे बसून राही. २०१३ मध्ये एएमडीने जाहीर केलेली ‘मँटल’, २०१५ मधील ‘डायरेक्टएक्स १२’ व २०१६ मधील ‘व्हल्कन’ या आंतरपृष्ठांनी हा भार हलका केला व तो अनेक गाभ्यांत विभागण्याची सोय केली.

प्रोसेसरच्या बाबतीत केवळ स्पंदगती निर्णायक नसते, हे पुढे आणखी स्पष्ट झाले. खेळात लागणारी माहिती मुख्य स्मृतीतून आणण्यात प्रोसेसरचा मोठा वेळ जातो. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ या प्रोसेसरात द्रुतस्मृतीचा जादा थर चकतीवर चढवून तिसऱ्या पातळीची द्रुतस्मृती ३२ वरून ९६ मेगाबाइट केली. त्याची स्पंदगती मूळ प्रोसेसरपेक्षा किंचित कमी असूनही बहुसंख्य खेळांत त्याने अधिक चौकटी दिल्या. ड्रायव्हरचाही जोडीत वाटा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेले इंटेलचे ‘आर्क बी५८०’ हे स्वस्त कार्ड नव्या वेगवान प्रोसेसरच्या जोडीने चांगले ठरले. परंतु जुन्या वा मध्यम प्रोसेसरशी जोडल्यास काही खेळांत त्याची गती प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा बरीच अधिक घटते, असे जानेवारी २०२५ मधील चाचण्यांत दिसून आले. स्वस्त कार्ड हे सामान्यतः जुन्या संगणकातच बसविले जात असल्याने ही उणीव ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

जोडीचे गणित : समजा, एखाद्या खेळात प्रोसेसरला प्रत्येक चौकटीसाठी १० मिलिसेकंद लागतात. पडद्यावर १,९२० × १,०८० म्हणजे सु. २०.७ लाख चित्रबिंदू असताना कार्डाला ६ मिलिसेकंद लागतात. येथे प्रोसेसर मंद असल्याने गती सेकंदाला १०० चौकटी इतकी राहील. आता चित्रबिंदू ३,८४० × २,१६० म्हणजे चौपट, सु. ८२.९ लाख केले व कार्डाचे काम त्याच प्रमाणात वाढून २४ मिलिसेकंद झाले, तर गती ४२ च्या आसपास येईल. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहील. दुप्पट शक्तीचे कार्ड घेतल्यास मोठ्या चित्रावर गती ८३ होईल, परंतु लहान चित्रावर ती १०० च राहील व कार्डासाठी मोजलेला पैसा तेथे दिसणार नाही. उलट दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेतल्यास लहान चित्रावर गती १६७ होईल व मोठ्या चित्रावर तसूभरही फरक पडणार नाही. प्रत्यक्षात सर्व काम चित्रबिंदूंच्या प्रमाणात वाढतेच असे नाही व दृश्यागणिक ते बदलते. तथापि वरील तर्क सर्वत्र लागू पडतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, अमुक प्रोसेसर व अमुक कार्ड यांची जोडी ‘इतके टक्के विजोड आहे’ असे खेळ, पडद्याचा आकार व चित्राचा दर्जा सांगितल्यावाचून म्हणणे निरर्थक आहे. दुसरे म्हणजे, प्रत्येक यंत्रात कोणता तरी घटक मंद असणारच. तो पूर्णपणे नाहीसा करता येत नाही, केवळ एकीकडून दुसरीकडे हलविता येतो. ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्राचा दर्जा खाली ठेवून अतिउच्च गती साधली जाते. तेथे प्रोसेसर निर्णायक ठरतो. विस्तृत निसर्गदृश्ये व किरण-अनुरेखन असलेल्या खेळांत भार सामान्यतः कार्डावर येतो, जरी किरण-अनुरेखनामुळे प्रोसेसरचे कामही काही प्रमाणात वाढते. भार कोठे आहे हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की चित्राचा आकार कमी करून पाहावा; गती वाढली नाही तर अडथळा प्रोसेसरकडे आहे असे समजावे.

मापन : दीर्घकाळ चौकट-गतीची केवळ सरासरी दिली जाई. सप्टेंबर २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या नियतकालिकात स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक चौकटीचा वेळ मोजण्याची पद्धत मांडली. सेकंदाला ६० चौकटी ही सरासरी राखूनही एखादी चौकट १०० मिलिसेकंद अडून राहू शकते. डोळ्याला तो झटका तत्काळ जाणवतो, सरासरीत मात्र तो लपतो. दोन कार्डे एकत्र जोडण्याच्या तत्कालीन पद्धतीत चौकटींची संख्या वाढे पण त्या असमान अंतराने उमटत, ही गोष्ट या मापनाने उघड केली. तेव्हापासून सर्वांत मंद एक टक्का चौकटींची गती स्वतंत्रपणे देण्याची प्रथा पडली. दुर्बल प्रोसेसर वा अपुरी स्मृती यांचा दोष बहुधा सरासरीपेक्षा या आकड्यात आधी प्रकट होतो. पडद्याच्या स्वतःच्या ठराविक गतीशी चौकटींचा मेळ घालण्यासाठी २०१३ नंतर परिवर्ती गतीचे पडदेही प्रचारात आले.

पुणे परिसरातील अनुभव : मुख्य प्रोसेसरच्या जोडीला विशेष कामाचा प्रोसेसर देण्याची कल्पना या परिसरात खेळांच्या मार्गाने आली नाही. प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक तयार झाला. त्यात टी८०० हे ट्रान्सप्यूटर वापरले होते. परस्परांशी संदेशवहन करण्यात ते कुशल होते. त्यानंतरच्या ‘परम ८६००’ मध्ये त्यांच्या जोडीला गणितात बलवान असलेल्या इंटेल आय८६० या प्रोसेसरची भर घालण्यात आली. हाच आय८६० त्या काळी नेक्स्ट कंपनीच्या चित्र-कार्डात व सिलिकॉन ग्राफिक्सच्या ‘रिअॅलिटी एंजिन’ या त्रिमितीय चित्रणयंत्रातही वापरला जात होता. महासंगणन आणि चित्रनिर्मिती या दोन शाखांची गरज मुळात एकच आहे, याचा हा बोलका पुरावा होय.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील टाटा समूहाच्या ‘एका’ या महासंगणकाने जागतिक यादीत चौथा क्रमांक मिळविला. त्यात सर्वसाधारण प्रोसेसरच होते. २०१३ मधील ‘परम युवा २’ मध्ये सहप्रोसेसरांची जोड होती, तर २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ या सी-डॅकच्या यंत्रात एएमडीचे मुख्य प्रोसेसर व एनव्हिडियाचे ए१०० चित्र-प्रोसेसर यांची जोडी आहे. खेळांसाठी विकसित झालेली कार्डांची समांतर रचना २००७ मध्ये ‘कुडा’ या आज्ञाप्रणालीमुळे सर्वसाधारण गणितासाठी खुली झाली होती. महासंगणकांतील हे परिवर्तन तिचेच फलित होय.

चाकणहून पुणे-नाशिक मार्गाने पुढे गेल्यावर जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या आधुनिकीकरणात येणाऱ्या संकेतांचे अंकीकरण प्रथम विशेष मंडलांवर व पुढील गणन मुख्य प्रोसेसर आणि चित्र-प्रोसेसर यांच्या संयुक्त संचावर करण्याची रचना स्वीकारण्यात आली. आकाशातून येणारा संकेत थांबत नाही. ठरलेल्या अवधीत गणित पुरे न झाल्यास माहिती कायमची गमावते. खेळात चौकट चुकल्यास केवळ झटका बसतो, येथे निरीक्षण वाया जाते. म्हणून कोणत्याही एका घटकाला वाट पाहावी लागणार नाही असा समतोल येथे अधिकच काटेकोरपणे राखावा लागतो.

औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाचे रूप निराळे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर पिंपरी-चिंचवडचा विस्तार झाला व १९८२ मध्ये तेथे महानगरपालिका आली. १९९९ मध्ये बजाज ऑटो, २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आणि २०१० मध्ये महिंद्र यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले. १९९८ मध्ये जनतेपुढे आलेली टेल्कोची ‘इंडिका’ ही मोटरगाडी पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात संगणकीय अभिकल्पाच्या साहाय्याने विकसित झाली. अशा अभिकल्पाच्या कामात पडद्यावर गाडीचे त्रिमितीय प्रतिमान फिरविताना कार्डाचा कस लागतो, तर प्रतिमानातील मापे बदलून ते पुन्हा रचताना बहुतांशी एकाच गाभ्याचा वेग उपयोगी पडतो. भाग जुळविण्याच्या एका मोठ्या आराखड्यात हजारो सुटे भाग असल्यास, खेळातील गर्दीच्या दृश्याप्रमाणेच, उत्तम कार्डही आज्ञांची वाट पाहत राहते. त्यामुळे दिवसा कार्यालयात अभिकल्प करणारा अभियंता आणि रात्री घरी खेळणारा त्याचा मुलगा यांना संगणक निवडताना एकाच स्वरूपाचा हिशेब करावा लागतो.

खेळांच्या निर्मितीतही पुण्याचा वाटा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने भारतीय पुराणकथा व शिल्पपरंपरा यांवर आधारित ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी व ऑक्टोबरमध्ये व्यक्तिगत संगणकासाठी प्रसिद्ध केला. स्विचमध्ये दोन्ही प्रोसेसर एकाच चकतीवर असून त्यांची शक्ती निश्चित व मर्यादित असते. व्यक्तिगत संगणकाच्या बाबतीत मात्र निर्मात्याला असंख्य जोड्या गृहीत धराव्या लागतात. दृश्याचा दर्जा पायरीपायरीने कमी-अधिक करण्याची सोय खेळांत ठेवली जाते ती याच कारणाने.

बाजार व ग्राहक : नोव्हेंबर १९८४ मधील संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली व १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरले. सुटे भाग आणून जोडलेला ‘असेंबल्ड’ संगणक हा मध्यमवर्गीय घरातील नेहमीचा संगणक ठरला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हे अशा भागांचे प्रसिद्ध केंद्र होय. २००० नंतरच्या दशकात पुष्कळ तरुणांनी ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे खेळ प्रथम सायबर कॅफेतील साध्या यंत्रांवर पाहिले. २०२० ते २०२२ या काळात महामारी, चकत्यांचा तुटवडा आणि कूटचलनाचे खनन यांमुळे कार्डांच्या किमती जगभर भडकल्या; सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ने खननाची पद्धत सोडल्यावर त्या मागणीला ओहोटी लागली.

मर्यादित रकमेत जोडी ठरविताना काही गोष्टी नेहमी दुर्लक्षित राहतात. स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकात चित्र-प्रोसेसर मुख्य स्मृतीच वापरतो. तेथे रॅमची एक मोठी पट्टी बसविण्याऐवजी तेवढ्याच एकूण क्षमतेच्या दोन पट्ट्या बसविल्यास माहितीचा मार्ग दुप्पट रुंद होतो व चौकट-गती लक्षणीय वाढते. मांडीवरील संगणकातील कार्डाचे नाव मेजावरील कार्डासारखे असले तरी त्याला कमी वीज पुरविली जात असल्याने त्याची शक्ती कमी असते. उच्च श्रेणीचे कार्ड एकट्याने ४५० वॉटपेक्षाही अधिक वीज घेऊ शकते. तेव्हा एसएमपीएसची क्षमता व कॅबिनेटमधील हवेचा मार्ग यांचाही विचार जोडीतच करावा लागतो. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. बंद खोलीत, धुळीने पंखे अडलेल्या यंत्रात प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली स्पंदगती उतरवितो आणि डिसेंबरात सुरळीत चाललेला खेळ मे महिन्यात अडखळू लागतो. अशा वेळी नवे कार्ड घेण्यापूर्वी यंत्र स्वच्छ करणे हा अधिक योग्य उपाय ठरतो.

अलीकडील प्रवाह : २०१८ मध्ये एनव्हिडियाच्या कार्डांत किरण-अनुरेखनासाठी व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी स्वतंत्र एकके आली. लहान चित्र रेखाटून ते कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे करण्याच्या पद्धतीमुळे कार्डाचा भार उतरतो. परंतु ३,८४० × २,१६० चे चित्र आतून १,९२० × १,०८० वर रेखाटले जाऊ लागले की मोठ्या पडद्यावरही प्रोसेसर पुन्हा मंद स्थानक बनू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून दोन रेखाटलेल्या चौकटींच्या मध्ये कार्डाने स्वतः रचलेली चौकट घालण्याची सोय झाली. या चौकटीसाठी मुख्य प्रोसेसरला खेळाचे गणित करावे लागत नाही, म्हणून प्रोसेसर मंद असतानाही गतीचा आकडा वाढतो. मात्र अशा चौकटीत खेळाडूच्या नव्या आज्ञेची दखल घेतलेली नसते. पडद्यावरील हालचाल मऊ दिसते, पण हाताला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही, किंबहुना काहीसा विलंब वाढतो. चौकट-गतीचा आकडा व खेळाचा प्रत्यक्ष प्रतिसाद या दोन गोष्टी आतापर्यंत एकच मानल्या जात. त्या यामुळे प्रथमच परस्परांपासून वेगळ्या झाल्या आहेत. म्हणून जोडीचे मूल्यमापन करताना सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येबरोबर आज्ञा व प्रतिसाद यांमधील काळही विचारात घेणे आवश्यक ठरले आहे.